सिंड्रेलाचा बूट खरंच काचेचा होता का?

फुंकणीवाला

मंडळी, इथे वाचायला रोज येतो, लिहायला क्वचित. आज एक प्रश्न पडलाय आणि घरात कुणाकडे उत्तर नाही.

माझी नात तिसरीत आहे. शाळेच्या गॅदरिंगला 'सिंड्रेला' बसवतायत. हिला सिंड्रेला नाही मिळाली, दोन नंबरची सावत्र बहीण मिळाली. त्याचं दुःख दोन दिवस टिकलं. मग बाईंनी सांगितलं की बूट पायात जात नाही तो प्रसंग तुझ्यावरच आहे, ओढाताण करायची, तोंड वेडंवाकडं करायचं, जमिनीवर लोळायचं. तेव्हापासून स्वारी खूष.

परवा जेवताना म्हणते, "आजोबा, तुम्ही काचेचं सगळं करता ना? मग आम्हाला काचेचा बूट करून द्या."

सांगायला हवं की मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ग्लासब्लोअर होतो. रसायनवाले चिठोऱ्यावर पेन्सिलीने काहीतरी आकृती काढून आणायचे, त्याचं मी कंडेन्सर, तीन मानांचा फ्लास्क, व्हॅक्यूमचा कॉक असं काय ते करून द्यायचो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गच्चीवरच्या खोलीत छोटा बर्नर आहे, अधूनमधून हात चालवतो.

तर मी नातीला म्हणालो, काचेचा बूट घालून कुणी चालत नसतं, ती गोष्ट आहे. म्हणालो खरा, पण माझं मलाच पटेना. काच दाबाला पक्की असते, ताणाला कच्ची. सरळ उभं राहिलात तर चांगल्या जाडीची काच माणसाचं वजन सहज पेलेल. घोळ चालताना होतो, कारण पाऊल चवड्यापाशी वाकतं आणि काच वाकत नाही. पण मग खडावा कुठे वाकतात? त्या घालून माणसं डोंगर चढलीच ना! खरी भीती काठाची. काठावर एक बारीकसा ओरखडा पडला की तिथून तडा धावतो. आणि भट्टीत नीट निवलेली नसेल तर विचारूच नका. आमची बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या सामानाची काच, ५६० अंशांच्या आसपास धरून मग रात्रभर हळूहळू उतरवायची असते, नाहीतर ताण आतच राहतो. दोन दिवस खपून केलेला दुहेरी भिंतीचा फ्लास्क एकदा मी डबा खात असताना टेबलावर बसल्या बसल्या टक्कन गेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. तेव्हा अशा सामानाचे बूट घालून रात्री बारापर्यंत नाचणारी ही मुलगी धाडसी म्हणायची की गोष्ट लिहिणाऱ्याने कधी काच बघितलीच नव्हती?

आमच्या व्यायामाच्या ग्रुपवर एकाने तत्परतेने ढकलपत्र पाठवलं की मूळ गोष्टीत बूट फरचा होता, फ्रेंचमध्ये फर आणि काच हे शब्द सारखे ऐकू येतात, त्यामुळे गफलत झाली. असं आहे का? जाणकारांनी सांगावं.

दुसरा प्रश्न नातीचा. "बारा वाजता भोपळ्याचा भोपळा झाला, उंदरांचे उंदीर झाले, कपड्यांच्या चिंध्या झाल्या. मग बूट का नाही बदलला?" मी म्हटलं, झोप आता.

भुसावळ पॅसेंजर

काका, नात वकील होणार. आम्ही जन्मभर ही गोष्ट ऐकतोय, हा प्रश्न एकदाही सुचला नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. अख्ख्या राज्यात त्या मापाचा पाय एकीचाच? माझ्या मापाची चप्पल दर देवळाबाहेर कुणीतरी घालून जातं.

मधली सुट्टी

फुंकणीवाला, मी मुंबईत बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आणि दर वर्षी एक तरी विद्यार्थी ही फरची बातमी घेऊन येतो. त्यामुळे उत्तर तयार आहे, पण जरा लांबेल.

आधी लेखक. आपण ओळखतो ती सिंड्रेला, म्हणजे भोपळा, उंदीर, बाराचे ठोके आणि काचेचा बूट असलेली, ही शार्ल पेरो याची. पॅरिस, १६९७. आठ गोष्टींचं छोटं पुस्तक होतं, त्यात लाल टोपीवाली मुलगी, झोपलेली राजकन्या, बूटवालं मांजर हीही मंडळी होती. सिंड्रेलाच्या गोष्टीचं पूर्ण नावच मुळी 'सांद्रियों, अर्थात काचेची छोटी सपात' असं आहे. बूट नव्हे हं, सपात! फ्रेंच शब्द 'पाँतूफ्ल', म्हणजे मागून उघडं, टाच न झाकणारं पादत्राण. पळताना ते पायातून का निसटलं हे एवढ्याने कळतं. बूट असता तर निसटला नसता.

आता फर. 'वेर' असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ काच, दुसऱ्याचा खारीची करडी-पांढरी लोकर. दुसरा शब्द मध्ययुगातला, राजेरजवाड्यांच्या झग्यांच्या अस्तराचा. पेरोच्या काळापर्यंत तो बोलण्यातून जवळपास गेलेला होता. पुढे बाल्झाकने १८४१ साली एका ऐतिहासिक कादंबरीत फरच्या धंद्याबद्दल लिहिता लिहिता सहज म्हणून टाकलं की सिंड्रेलाची सपात नक्की या लोकरीची असणार, छापणाऱ्यांनी काच केली. मग कोशकार लित्रे यानेही तीच री ओढली. मोठ्या माणसांनी म्हटलं की खरं. म्हणजे तुमच्या ग्रुपवरचं ढकलपत्र पावणेदोनशे वर्षं जुनं आहे.

पण पेरोच्या हयातीत छापलेल्या पुस्तकात स्पष्ट काचच आहे, तीही नावात. हा माणूस फ्रेंच अकादमीचा सदस्य. शब्दांची चिरफाड करणं हे त्याच्या संस्थेचं कामच. स्वतःच्या गोष्टीच्या नावात त्याने ऐकण्यातली चूक राहू दिली असेल हे मला पटत नाही.

आणि नातीचा प्रश्न! तिला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण उत्तर मूळ मजकुरात आहे. पेरो लिहितो की परीने (ती सिंड्रेलाची धर्ममाता, म्हणजे गॉडमदरही आहे, पण मराठीत नुसती परी उरलीय) छडी नुसती टेकवली आणि अंगावरच्या कपड्यांची सोन्याचांदीची वस्त्रं झाली. पुढचं वाक्य असं, की 'त्यानंतर तिने तिला काचेच्या सपातांचा जोड दिला.' क्रियापद बघा. कपडे 'बदलले', भोपळा 'बदलला', सपाता 'दिल्या'. त्या कशापासून बनवलेल्या नव्हत्या, म्हणून परत काही व्हायचा प्रश्नच नव्हता. रूपांतरं सुनेने घरच्या डब्यातून काढून दिलेल्या शिळ्या सामानाची, सपाता मात्र माहेरचा अहेर.

(माझी उपमा गंडली आहे, पण कळलं असेल.)

फुंकणीवाला

वा, वा! नातीला वाचून दाखवलं. "म्हणजे त्या भाड्याच्या नव्हत्या" असा निकाल तिने दिला. आत्ता गॅदरिंगचे कपडे भाड्याने आणायची चर्चा घरात चालू आहे ना.

एक शंका. पेरोला काच ठाऊक होती का? नुसता लेखक होता की काही उद्योग करायचा?

मधली सुट्टी

अहो, तुमच्याच बिरादरीच्या जवळचा! चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर, त्याच्या हाताखाली राजाच्या बांधकाम खात्यात पेरो वीसेक वर्षं नोकरीला होता. त्याच कोल्बेरने १६६५ साली आरशांचा सरकारी कारखाना सुरू करवला. तोवर चांगले आरसे व्हेनिसहून यायचे, तिथल्या मुरानो बेटावरच्या कारागिरांना गुपित बाहेर न्यायला बंदी होती, तरी फ्रेंचांनी काहींना फितवून पॅरिसला आणलं. पुढे व्हर्सायच्या महालात तो प्रसिद्ध आरशांचा दिवाणखाना झाला, ३५७ आरसे, १६८४ साली पुरा. म्हणजे पेरोने गोष्ट लिहिली तेव्हा काच हा पॅरिसमधला सगळ्यात झगमगता विषय होता. आज एखाद्या गोष्टीत नायिकेला कुणी अख्ख्या हिऱ्याचा फोन दिला तर कसं वाटेल, साधारण तसं.

गोष्टीत अजून एक जागा आहे. सावत्र बहिणींच्या खोलीचं वर्णन करताना पेरो सांगतो, तिथे असे आरसे होते की त्यात त्या डोक्यापासून पायापर्यंत दिसायच्या. आपण भराभर वाचून पुढे जातो.

फुंकणीवाला

थांबा, थांबा. हे भराभर वाचून पुढे जाण्यासारखं अजिबात नाही.

पूर्वी आरशाची काच कशी करायचे सांगतो. नळीच्या टोकाला वितळलेला गोळा घ्यायचा, फुंकून लांबट फुगा करायचा, दोन्ही टोकं कापायची, उभी चीर द्यायची आणि पुन्हा तापवून चादरीसारखा उलगडून सपाट करायचा. माणसाच्या फुप्फुसाला आणि मनगटाला मर्यादा आहे. नळीच्या टोकाला किती वजन लोंबकळत ठेवणार? म्हणून त्या काचेचा आकार एका हद्दीपुढे जात नाही. व्हर्सायचा फोटो बघा, प्रत्येक कमानीत एक अखंड आरसा नाही, तुकडे जोडलेले आहेत, सांधे दिसतात. डोक्यापासून पायापर्यंतचा अखंड आरसा हवा तर काच फुंकून भागत नाही, ओतावी लागते. लोखंडी मेजावर रस ओतायचा, वरून रूळ फिरवायचा, निववायचा आणि मग आठवडेच्या आठवडे घासत बसायचं. आणि ही ओतीव काच फ्रेंचांनी जमवली ती १६८०च्या दशकाच्या शेवटी. गोष्ट छापली १६९७ला. म्हणजे त्या सावत्र आईने बाजारातला अगदी ताजा माल घरात आणून लावलेला होता! आमच्या आळीत पहिला फ्लॅट टीव्ही ज्यांनी घेतला ते खिडकी उघडी टाकायचे, त्यातला प्रकार.

त्या बहिणींकडे पूर्ण उंचीचे आरसे, आणि राखेत बसणाऱ्या पोरीकडे काचेच्या सपाता. पेरोने काच फुकट वापरलेली नाही. माझा त्याच्याबद्दलचा राग गेला.

तीन पिढ्या चपला

आमचं कोल्हापूरला चपलांचं दुकान, आजोबांपासून. म्हणून दोन शब्द.

पायाचं माप सकाळी एक, संध्याकाळी एक. दिवसभर उभं राहून पाऊल भरतं. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो, माप द्यायला संध्याकाळी या. ही बाई रात्रभर नाचली, म्हणजे पाय चांगले टम्म फुगलेले, तरी सपात निसटली! मग राजाचा माणूस दिवसाउजेडी माप घ्यायला आला तेव्हा ती सैलच पडायला हवी, घट्ट नव्हे. हे कुणी लक्षात घेत नाही.

पण काच असेल तर एक गोष्ट पटते. चामडं ऐकतं. कोल्हापुरी आठ दिवस चावते, तेल लावा, वापरा, मग तुमच्या पायाची होऊन जाते. इतकी की दुसऱ्याने घातली तर त्याला सांगावं लागत नाही की ही माझी नव्हे. फरची सपात असती तर ती सावत्र बहीण मागेपुढे ओढून घालून बसली असती आणि राजवाड्यात पोचली असती. काच कुणाचं ऐकत नाही. धंद्याच्या दृष्टीने बोलायचं तर असला माल मी दुकानात ठेवणार नाही, पण ओळख पटवायला यासारखा दुसरा नाही.

फुंकणीवाला

ऐकत नाही, बरोबर! काचेला आम्ही 'हट्टी' म्हणायचो. तापलेली असताना मधासारखी, सांगाल तशी वळते. एकदा निवली की ब्रह्मदेवाला जुमानत नाही.

रोखठोक

एवढी चर्चा चाललीय म्हणून विचारतो. पोरींना हे शिकवायलाच कशाला हवं? रांधा, वाढा, उष्टी काढा, मुकाट रडा आणि मग पाय लहान आहे म्हणून राजपुत्र मिळतो. माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितलेली नाही.

मधली सुट्टी

रोखठोक, तुमचा मुद्दा नवा नाही आणि चुकीचाही नाही. पण सिंड्रेला एकच नाही. पेरोची सोशिक आहे, मान्य. ती शेवटी सावत्र बहिणींना माफ करून दरबारातली दोन स्थळंही बघून देते. मात्र पेरोने गोष्टीखाली दोन तात्पर्यं लिहिली आहेत, त्यातलं दुसरं शाळेत कुणी सांगत नाही. बुद्धी, धैर्य, कुलीनता सगळं छान, पण पाठीशी कुणी धर्मपिता किंवा धर्ममाता नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, असं तो चक्क लिहितो. शुद्ध मराठीत, वशिला हवा. वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस बोलतोय, लक्षात ठेवा.

त्याच्या साठेक वर्षं आधीची नेपल्सची सिंड्रेला घ्या. जांबात्तिस्ता बाझिले याने नेपल्सच्या बोलीत लिहिलेला कथासंग्रह, त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ मध्ये छापला गेला. तिचं नाव झेझोल्ला. ती रडत बसत नाही. शिवण शिकवणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून ती सावत्र आईला पेटीतले जुने कपडे काढायला लावते आणि झाकण मानेवर सोडून देते. खलास. मग ती शिवणवाली बाई घरात सावत्र आई होऊन येते आणि लपवून ठेवलेल्या सहा मुली बाहेर काढते, तो भाग वेगळा. हिचं पादत्राण काचेचं नाही, नेपल्सच्या बायका चिखल टाळायला घालायच्या तसला बुचाच्या उंच तळाचा जोड आहे. आणि तिच्या पायाचं माप घ्यायची वेळच येत नाही, लोखंड लोहचुंबकाकडे जावं तसा तो आपणहून उडत तिच्या पायाकडे जातो.

ग्रिम बंधूंची जर्मन पहिल्यांदा १८१२ला छापली, पुढच्या आवृत्त्यांत ती बदलत गेली. आज वाचतो त्या रूपात परी नाही, आईच्या थडग्यावर लावलेलं हेझलचं झाड आहे आणि त्यावर येणारा पांढरा पक्षी. जोडा सोन्याचा. तिथे सावत्र आई मोठ्या मुलीच्या हातात सुरी देते आणि सांगते, अंगठा काप, राणी झालीस की चालावं लागणार नाही. धाकटी टाच कापते. कबुतरं ओरडून सांगतात की जोड्यात रक्त आहे. १८१९च्या आवृत्तीत ग्रिमनी भर घातली की लग्नाच्या दिवशी कबुतरांनी दोघी बहिणींचे डोळे फोडले. पोरांसाठी म्हणून गोष्टी मवाळ करत नेल्या असं आपण समजतो, इथे उलट झालंय.

यातली कुठली सिंड्रेला मुलीला सांगायची ते तुम्ही ठरवा.

रोखठोक

झेझोल्ला सांगतो. बायको काय म्हणते ते कळवतो.

फिओर्डकाठी

ऑस्लोहून. इथल्या सिंड्रेलाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नॉर्वेत २४ डिसेंबरला सकाळी सरकारी वाहिनीवर दर वर्षी एकच सिनेमा लागतो, १९७३चा, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीने मिळून काढलेला. इकडच्या नावाचा अर्थ 'आस्केपोतसाठी (म्हणजे सिंड्रेलासाठी) तीन नट'. नट म्हणजे कवचाची फळं हो, सिनेमातले नव्हेत! परी नाही, भोपळा नाही. तीन हेझलनट फुटतात आणि त्यातून पोशाख निघतात, पहिला तर शिकाऱ्याचा, पुरुषी. ही मुलगी घोडा उधळते, बाण मारते आणि राजपुत्राला बर्फाचा गोळा हाणते. रोखठोक यांना चालेल.

गंमत म्हणजे डबिंग. सगळी पात्रं, आई, मुलगी, राजा, राजपुत्र, सगळ्यांचे संवाद एकाच पुरुषाच्या आवाजात, मागे चेक आवाज हळू ऐकू येतात. पहिल्या वर्षी मला वाटलं आमचा टीव्ही बिघडलाय. नवऱ्याने केबल काढून परत लावली. शेजारच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ज्या वर्षी हा आवाज नसेल त्या वर्षी नाताळ नसेल. आता आमच्याकडेही त्याच वेळी करंज्या तळायला घेतल्या जातात, हॉलमधून तो आवाज येत असतो.

त्यातला राजवाडा जर्मनीत ड्रेस्डेनजवळ मोरित्सबुर्गला आहे. आम्ही गेलो होतो. सपात निसटते त्या जिन्यावर खरंच एक छोटा धातूचा जोडा बसवून ठेवलाय. आणि समोर बायकांची रांग! लेकीचा पाय गेला, माझा नाही गेला. मीही तोंड वेडंवाकडं करून फोटो काढून घेतला.

जुनं पान

सगळ्यांनी युरोप पालथा घातलाय म्हणून थोडं इकडचं.

जोड्यावरून राणी सापडणं हे युरोपाहून जुनं आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो दोन हजार वर्षांपूर्वी लिहितो की इजिप्तमध्ये ऱ्होडोपिस नावाची बाई नहात असताना गरुडाने तिची चप्पल उचलली आणि मेम्फिसला न्याय द्यायला बसलेल्या राजाच्या मांडीवर टाकली. झालं, शोधाशोध. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चेंगशी याने नोंदवलेली य शियेन आहे, तिचा आधार एक मासा, जोडा सोन्याचा. पण तिथलं वर्णन असं की तो केसासारखा हलका होता आणि दगडावर पडला तरी आवाज होत नव्हता. काचेच्या अगदी उलट. १८९३ साली मॅरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज बाईंनी या गोष्टीची ३४५ रूपं गोळा करून छापली.

आणि आता आपलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. वाटेत कंटाळा घालवायला आयेकडून (सोबत असलेल्या नोकर बाईकडून) गोष्टी ऐकून लिहून घेतल्या, त्यांचं पुस्तक १८६८ला लंडनला निघालं. आयेचं नाव ॲना लिबेराता डिसूझा. तिचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे गोव्याजवळ येऊन राहिलेलं आणि आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिला आजीने सांगितलेल्या. त्यात एक सोदेवाबाई आहे. राजाची लाडकी लेक, गळ्यात जन्मापासून हार आणि त्या हारात तिचा जीव. डोंगरावर फुलं वेचताना तिची रत्नजडित सपात पायातून सुटून खाली जंगलात पडते आणि शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते. पुढे लग्न, मग सवत, मग हाराची चोरी.

राख नाही, सावत्र आई नाही, चूल नाही. सपात तेवढी आहे. ॲनाच्या आजीने पेरो वाचला असण्याची शक्यता शून्य.

भुसावळ पॅसेंजर

म्हणजे हिची सपात हरवली तेव्हा ती श्रीमंतच होती! मग राजपुत्राने मोठंसं काय केलं?

जुनं पान

सपात परत आणून दिली. आमच्या सोसायटीत गेलेली छत्री कुणी आणून देत नाही.

फुंकणीवाला

सगळ्यांचे आभार. काल गॅदरिंग झालं, ते सांगून धागा आवरतो.

खऱ्या काचेचा बूट स्टेजवर न्यायला मी साफ नकार दिला होता. पोरं, अंधार, अनवाणी पाय, नको रे बाबा. पण हात शिवशिवत होते म्हणून गच्चीवर एक केला, बोटभर लांबीचा. नळीचं एक टोक बंद केलं, फुंकून जरा फुगवलं, ग्रॅफाइटच्या पट्टीने तळ सपाट केला आणि चवड्याचा उतार काढायला आडवा धरून नुसता लोंबू दिला. काचेचं स्वतःचं वजन जो बाक देतो तो हाताने देता येत नाही. 'मधली सुट्टी' यांच्या सांगण्यावरून टाच उघडी ठेवली. काठ दोनदा ज्योतीत धरून गोल केला, कारण धार राहिली तर तिथूनच जाणार. मोठी भट्टी माझ्याकडे नाही, म्हणून ज्योत मंद करत करत निववला आणि कापसात गुंडाळून ठेवला. दोन पोलरॉइड काचांमधून बघितलं तर टाचेपाशी थोडी रंगीत झाक दिसते, म्हणजे ताण आहे अजून. बघू किती दिवस टिकतो.

स्टेजवरचा मोठा मात्र पारदर्शक फाइलच्या शीटचा. हॉट एअर गनने तापवून नातीच्याच एका जुन्या सपातेवर बसवला. छान झाला होता. आणि तिथेच घोटाळा केला. रंगीत तालमीला बाईंनी फोन करून बोलावलं. सिंड्रेला झालेली मुलगी वर्गातली सगळ्यात उंच, तिचा पाय निम्मासुद्धा जाईना. आणि आमच्या सावत्र बहिणीच्या पायात तो लोणी कापल्यासारखा गेला. जाणारच, तिच्याच मापाचा! सगळा वर्ग खो खो हसतोय आणि ही स्टेजच्या मधोमध राणीसारखी चालून दाखवतेय.

रात्री बसून उंच मुलीच्या मापाचा दुसरा केला. पण आता तो नातीला होडीएवढा मोठा झाला. घालायचा तर सहज जाणार, मग न जाण्याचं सोंग कसं करायचं? मी तिला चवडे आखडून घ्यायला सांगितलं, तिने करून पाहिलं, दिसायला काहीच दिसेना. 'तीन पिढ्या चपला' यांचा संध्याकाळी पाय सुजतो तो मुद्दा मी घरात मांडला, त्यावर सूनबाई म्हणाली की आठ वर्षांच्या मुलीचा पाय सुजत नसतो. शेवटी नातीनेच तोड काढली. माझे हिवाळ्यातले लोकरीचे मोजे, एकावर एक तीन जोड, त्यावर तिच्या आईची ओढणी गुंडाळून.

पाऊल नारळाएवढं झालं होतं. पडदा उघडला, बूट जाईना, ही लोळली, किंचाळली, राजाच्या हुजऱ्याच्या हातातून बूट हिसकावून दातांनी ओढायला लागली, बाई विंगेतून "पुरे, पुरे" करतायत. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. शेवटच्या प्रवेशात सिंड्रेलाचं लग्न चाललेलं असताना ही मागे एका कोपऱ्यात बसून मोजे काढत होती.

छोटा काचेचा बूट शोकेसमध्ये ठेवलाय. आज सकाळपर्यंत शाबूत आहे.